सहा शब्द, दोन चौकटी : स्कॉटलंडच्या सार्वमतामागचा इतिहास

१८ सप्टेंबर २०१४ रोजी स्कॉटलंडच्या मतदाराच्या हातात जी मतपत्रिका पडली तिच्यावर एकच प्रश्न होता : स्कॉटलंड हा स्वतंत्र देश असावा का? इंग्रजीत सहा शब्द, मराठीतही सहाच. खाली दोन चौकटी, एक 'येस'ची, एक 'नो'ची. पेन्सिलीनं एकीत फुली मारायची, काम झालं. पण ती फुली कुठे मारायची यावर दोन वर्षं घराघरांत खल चालला होता. जेवणाच्या टेबलावर, पबमध्ये, शाळेच्या वर्गात, चर्चच्या सभागृहात.

प्रश्नाचे शब्दसुद्धा सहज ठरले नव्हते. स्कॉटिश सरकारच्या मूळ मसुद्यात 'स्कॉटलंड स्वतंत्र देश असावा याच्याशी आपण सहमत आहात का?' असं विचारलं होतं. निवडणूक आयोगानं हा प्रश्न लोकांपुढे ठेवून पाहिला. 'सहमत आहात का' असं विचारलं की माणूस होकाराकडे झुकतो, असं म्हणून आयोगानं तेवढे शब्द काढायला सांगितलं आणि सरकारनं ते ऐकलं. हा काथ्याकूट वाटेल, पण तसा तो नाही. सार्वमताचा कौल निम्मा मतपेटीत ठरतो आणि निम्मा त्याच्या कितीतरी आधी, नियम ठरताना. प्रश्न कोणी विचारायचा, मत कोणी द्यायचं, किती मतं पडली म्हणजे जिंकलं म्हणायचं. स्कॉटिश माणसानं हे स्वतःच्या अनुभवातून शिकलेलं होतं.

सुरुवात शोधायची तर १७०७पर्यंत मागे जावं लागतं. इंग्लंड आणि स्कॉटलंडचा राजा १६०३पासून एकच होता, पण दोघांच्या संसदा वेगळ्या होत्या. सतराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटिश लोकांनी पनामाच्या चिंचोळ्या पट्टीवर, डॅरियन इथे, स्वतःची वसाहत वसवायचा घाट घातला. सरदारांपासून व्यापाऱ्यांपर्यंत अनेकांनी पैसे ओतले. तापानं आणि उपासमारीनं माणसं गेली, उरलेल्यांना स्पॅनिशांनी हुसकावलं आणि देशाच्या भांडवलाचा मोठा हिस्सा बुडाला. पुढे एकीकरणाच्या करारात इंग्लंडनं ३,९८,०८५ पौंड देण्याचं कबूल केलं. त्यातला बराच पैसा डॅरियनमध्ये हात पोळून घेतलेल्या गुंतवणूकदारांच्या भरपाईसाठी होता. एडिंबरा आणि ग्लासगोत लोक विरोधात रस्त्यावर उतरले, पण संसदेत मत होतं ते सरदारांना, जमीनदारांना आणि शहरांच्या मोजक्या प्रतिनिधींना. १६ जानेवारी १७०७ रोजी त्यांनी करार मंजूर केला आणि १ मेपासून दोन राज्यांचं एक राज्य झालं. सामान्य माणसाला कोणी विचारलं नव्हतं. कायदा, चर्च आणि शिक्षण मात्र स्कॉटलंडनं स्वतःकडे राखलं, त्यामुळे वेगळं राज्य संपलं तरी आपण वेगळे आहोत ही जाणीव मोडली नाही.

या एकीकरणातून स्कॉटलंडला काय मिळालं, याचं उत्तर महाराष्ट्रात सापडतं. आपण ज्यांना सरसकट 'इंग्रज' म्हणतो त्यांतले कितीतरी इंग्रज नव्हतेच. पेशवाई बुडाल्यानंतर मुंबईचा गव्हर्नर झालेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन स्कॉटिश. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ स्कॉटिश. गिरगाव चौपाटीसमोरच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते जॉन विल्सनही स्कॉटिश. साम्राज्याची दारं उघडली तेव्हा स्कॉटलंडच्या धाकट्या मुलांना, डॉक्टरांना, मिशनऱ्यांना, व्यापाऱ्यांना त्यात मोठा वाटा मिळाला. तो मिळत होता तोवर वेगळं होण्याची भाषा फारशी कोणी केली नाही. स्कॉटिश नॅशनल पार्टी स्थापन झाली १९३४ साली, आणि पुढची तीस वर्षं ती जवळपास दुर्लक्षितच राहिली.

साम्राज्य मावळलं, ग्लासगोच्या क्लाइड नदीकाठची जहाजबांधणी खंगली, आणि नेमकं तेव्हाच उत्तर समुद्रात तेल लागलं. नोव्हेंबर १९६७ मध्ये हॅमिल्टनची पोटनिवडणूक जिंकून स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या विनी युइंग लंडनच्या संसदेत गेल्या. ऑक्टोबर १९७४ मध्ये त्यांच्या पक्षाला स्कॉटलंडमध्ये तीस टक्के मतं आणि अकरा जागा मिळाल्या. मजूर पक्षाला घाम फुटला. स्कॉटलंडला स्वतःची विधानसभा द्यावी की नाही, यावर १ मार्च १९७९ रोजी सार्वमत ठरलं.

या सार्वमतापाशी जरा थांबायला हवं. जॉर्ज कनिंगहॅम हे मूळचे स्कॉटिश, पण लंडनमधून निवडून आलेले मजूर पक्षाचेच खासदार. त्यांनी कायद्यात एक दुरुस्ती घुसवली : नुसतं बहुमत पुरणार नाही, यादीतल्या एकूण मतदारांपैकी किमान चाळीस टक्क्यांनी 'हो' म्हणायला हवं. म्हणजे जो घरी बसला तो 'नाही'त जमा. मयत आणि दोनदा नोंद झालेल्यांची नावं सरकारनं अंदाजानं वजा केली, तरी त्या वजावटीतून सुटलेलं नाव 'नाही'त जमा. मोजणी झाली. 'हो' १२,३०,९३७ आणि 'नाही' ११,५३,५०२. सत्त्याहत्तर हजारांहून जास्त मतांनी 'हो' पुढे, तरी एकूण यादीच्या हिशेबात ते भरले फक्त ३२.९ टक्के. विधानसभा मिळाली नाही. महिना उलटायच्या आत, २८ मार्चला, पंतप्रधान कॅलहन यांचं मजूर सरकार ३११ विरुद्ध ३१० अशा एका मतानं पडलं आणि मार्गारेट थॅचर यांचा काळ सुरू झाला.

पुढची अठरा वर्षं लंडनमध्ये हुजूर पक्षाचं राज्य, आणि स्कॉटलंड मात्र सर्वाधिक मतं मजूर पक्षाला देत राहिलेला. १९८९ साली पोल टॅक्स आला. घर केवढं, कमाई किती याचा विचार नाही, प्रत्येक प्रौढ माणसामागे ठरावीक कर. तो इंग्लंड-वेल्सच्या एक वर्ष आधी स्कॉटलंडवर लादला गेला. गरीब वस्त्यांमधल्या हजारो लोकांनी कर चुकवण्यासाठी मतदारयादीतून नाव गाळणं पसंत केलं. १९९२ साली रेव्हन्सक्रेगचा पोलादाचा कारखाना बंद पडला. आपलं सरकार आपण निवडत नाही, ही भावना या काळात घट्ट झाली. टोनी ब्लेअर यांच्या सरकारनं ११ सप्टेंबर १९९७ रोजी पुन्हा सार्वमत घेतलं तेव्हा चाळीस टक्क्यांची अट नव्हती आणि ७४.३ टक्के लोकांनी स्कॉटलंडच्या स्वतःच्या संसदेच्या बाजूनं मत दिलं. १२ मे १९९९ रोजी सर्वांत ज्येष्ठ सदस्य म्हणून या नव्या संसदेचं कामकाज सुरू करायला उभ्या राहिल्या त्या विनी युइंगच. २५ मार्च १७०७ रोजी तहकूब झालेली स्कॉटिश संसद पुन्हा भरत आहे, असं त्या म्हणाल्या. आजही ते वाचताना अंगावर काटा येतो.

या संसदेची निवडणूक पद्धत कुणा एकाला सहजासहजी बहुमत मिळू देत नाही. तरी २०११ साली अॅलेक्स सॅमंड यांच्या स्कॉटिश नॅशनल पार्टीनं १२९ पैकी ६९ जागा जिंकल्या. सार्वमत त्यांच्या जाहीरनाम्यातच होतं. १५ ऑक्टोबर २०१२ रोजी एडिंबरामध्ये सॅमंड आणि पंतप्रधान डेव्हिड कॅमरन यांनी करारावर सह्या केल्या. सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना मताधिकार मिळाला. कॅमरन यांनी आपला एक मुद्दा पक्का धरला : प्रश्न एकच, पर्याय दोनच. स्वातंत्र्य नको पण लंडनकडून जास्तीत जास्त अधिकार हवेत, असा तिसरा पर्याय छापायला सॅमंड तयार होते आणि बऱ्याच लोकांना तोच मनापासून हवा होता. तो मतपत्रिकेवर आला नाही.

मराठी वाचकाला इथे गोवा आठवेल. १६ जानेवारी १९६७चा गोव्याचा जनमत कौल देशाच्या स्वातंत्र्यासाठी नव्हता. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं, एवढाच सवाल होता. विलीनीकरणाची निशाणी फूल, वेगळं राहण्याची दोन पानं. १,३८,१७० विरुद्ध १,७२,१९१ मतांनी दोन पानं जिंकली. पण गोव्याचं स्वतंत्र घटकराज्य हा पर्याय तिथेही मतपत्रिकेवर नव्हता, आणि शेवटी, ३० मे १९८७ला, झालं ते तेच. मतपत्रिकेवरून गाळलेला पर्याय मागच्या दारानं परत येतो. स्कॉटलंडमध्ये तो परत यायला दोन वर्षंही लागली नाहीत.

मत कोणी द्यायचं हा दुसरा तिढा. निकष लावला तो रहिवासाचा. ग्लासगोत जन्मून लंडनमध्ये नोकरी करणाऱ्याला मत नाही. उर्वरित ब्रिटनमध्ये असे सात-आठ लाख स्कॉटिश होते आणि त्यांतले अनेक फार दुखावले. उलट राष्ट्रकुलातला किंवा युरोपीय संघातला नागरिक कायदेशीर परवान्यानं स्कॉटलंडमध्ये राहत असेल तर त्याला मत. म्हणजे पुण्याहून शिकायला गेलेली, भारतीय पासपोर्टवरची मुलगी एडिंबराच्या मतदान केंद्रावर त्या देशाचं भवितव्य ठरवू शकत होती. मला हा निर्णय योग्य वाटतो. उद्याचे परिणाम ज्याच्या अंगावर येणार त्यानं ठरवावं, आडनाव आणि जन्मगाव बघू नये. स्वातंत्र्यवाद्यांनी वंशाचा मुद्दा पहिल्याच पावलाला बाजूला ठेवला, म्हणूनच पुढचा वाद खिशाचा, पेन्शनचा आणि दवाखान्याचा झाला.

त्यातही सगळ्यात जास्त तापला तो पौंडाचा प्रश्न. स्कॉटलंडच्या तीन बँका स्वतःच्या नोटा छापतात, पण त्यांच्यामागचं पाठबळ बँक ऑफ इंग्लंडचं. नोव्हेंबर २०१३मध्ये स्कॉटिश सरकारनं स्वतंत्र स्कॉटलंडचा ६७० पानी आराखडा काढला त्यात पौंड सामाईक ठेवू असं म्हटलं होतं. फेब्रुवारी २०१४मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न एडिंबरात येऊन सांगून गेले की देश सोडलात तर पौंडही सुटला. ५ ऑगस्टच्या टीव्हीवरच्या चर्चेत 'नो'च्या बाजूचे अॅलिस्टर डार्लिंग यांनी सॅमंडना पुन्हा पुन्हा एकच विचारलं : पौंड मिळाला नाही तर दुसरी योजना काय? समाधानकारक उत्तर आलं नाही. तेलाच्या हिशेबाचंही तसंच. आराखड्यात बॅरलला शंभर डॉलरच्या बराच वर भाव धरला होता, आणि मतदानानंतर चार महिन्यांत तो पन्नासच्या खाली गेला. दुसऱ्या बाजूची भाकितंही कुठे टिकली? युरोपीय संघात राहायचं तर ब्रिटनमध्ये राहा, असं बजावलं गेलं होतं. २०१६ साली ब्रिटननंच संघ सोडायचं ठरवलं, तेव्हा स्कॉटलंडनं ६२ टक्क्यांनी संघात राहण्याच्या बाजूनं मत दिलेलं होतं.

म्हणून आकडे बघून मत ठरवू म्हणणाऱ्यांची खरी पंचाईत झाली. निवृत्त माणूस पेन्शनकडे बघत होता. ग्लासगोपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या फॅस्लेन तळावर अण्वस्त्रधारी पाणबुड्या उभ्या असतात, त्या नकोत म्हणून कुणी 'येस'कडे वळत होतं. 'नो'च्या बाजूचे, मजूर पक्षाचे जिम मर्फी आयर्न-ब्रू या सरबताचे दोन क्रेट उलटे ठेवून त्यावर उभं राहत आणि शंभर गावांत भाषणं करत हिंडत होते. कर्कॉल्डीत त्यांच्यावर अंडी फेकली गेली आणि दौरा काही दिवस थांबला. असे ओंगळ प्रसंग घडले, तरी एकूण वाद शब्दांचाच राहिला.

मतदानाला अकरा दिवस असताना एका पाहणीत 'येस' ५१, 'नो' ४९ असं आलं आणि लंडनची धावपळ उडाली. १६ सप्टेंबरला कॅमरन, मिलिबँड आणि क्लेग या ब्रिटनच्या तीन मोठ्या पक्षांच्या नेत्यांच्या सह्यांचं वचन एका स्कॉटिश वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर झळकलं : 'नो' म्हणा, जास्त अधिकार देऊ. गाळलेला तिसरा पर्याय तो हाच.

१८ तारखेला ८४.६ टक्के मतदान झालं. 'नो' २०,०१,९२६, 'येस' १६,१७,९८९. बत्तीसपैकी चारच विभागांत 'येस' पुढे : डंडी, ग्लासगो, नॉर्थ लॅनर्कशर आणि वेस्ट डनबार्टनशर. या शेवटच्या विभागातलं डंबार्टन म्हणजे एल्फिन्स्टनचं जन्मगाव. सॅमंड यांनी दुसऱ्याच दिवशी राजीनाम्याची घोषणा केली.

निकालापेक्षा मला एक छोटी गोष्ट जास्त लक्षात राहिली आहे. पोल टॅक्सच्या भीतीनं नाव गाळलेले कितीतरी लोक या मतदानासाठी पंचवीस वर्षांनी यादीत परतले होते. नव्या यादीवरून जुनी थकबाकी वसूल करता येईल, असं काही नगरपालिकांना वाटू लागलं. स्कॉटिश संसदेनं ताबडतोब कायदा केला आणि १ फेब्रुवारी २०१५पासून ती थकबाकीच रद्द झाली. त्याच वर्षी सोळा वर्षांच्या मुलांचा मताधिकार स्कॉटलंडच्या स्वतःच्या निवडणुकांसाठी कायम करण्यात आला.

ब्रेक्झिटनंतर दुसऱ्या सार्वमताची मागणी झाली. २०१७ साली पंतप्रधान थेरेसा मे यांनी आणि २०२० साली पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी ती नाकारली. मग स्कॉटिश सरकारनं सर्वोच्च न्यायालयाला विचारलं की लंडनच्या परवानगीशिवाय आम्ही सार्वमत घेऊ शकतो का. २३ नोव्हेंबर २०२२ रोजी पाचही न्यायमूर्तींनी एकमतानं 'नाही' म्हटलं. २०१४च्या मतदानाला लंडनच्या ज्या आदेशानं वाट करून दिली होती, त्याची मुदत ३१ डिसेंबर २०१४लाच संपली होती.