कोलाजला बाक का येतो?

जुनी वर्तमानपत्रे, मासिकांची पाने, खोक्यांचे पुठ्ठे आणि कापडाचे तुकडे जुळवून मोठ्या हौसेने केलेले कोलाज दुसऱ्या दिवशी पाहावे, तर कागदाला चुण्या पडलेल्या असतात आणि पुठ्ठ्याच्या कडा वर उचललेल्या असतात. याचे खापर सर्रास गोंदावर फोडले जाते. तो हलक्या प्रतीचा होता किंवा कमी पडला, असे मानून पुढच्या वेळी तो आणखी जाड थापला जातो आणि बाक कमी होण्याऐवजी वाढतो. गोंदाने आपले काम चोख केलेले असते. वाकण्याचे मूळ कागदाच्या घडणीत आहे.

कागद म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे एकमेकांत गुंतलेले जाळे. एकेक तंतू साधारण 1 ते 3 मिलिमीटर लांब असतो आणि त्याची जाडी मिलिमीटरच्या काही शतांश भागाएवढी असते. तंतूच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिसूक्ष्म धागे बहुतांशी लांबीच्या दिशेने रचलेले असतात. पाणी या धाग्यांच्या स्फटिकमय भागात शिरू शकत नाही. ते दोन धाग्यांमधल्या फटींत घुसते आणि त्यांना एकमेकांपासून दूर लोटते. परिणामी भिजलेला तंतू जाडीला 20 ते 30 टक्क्यांपर्यंत फुगतो, पण लांबीला जेमतेम एखादा टक्का वाढतो. दमट हवेत लाकडी दार रुंदीला फुगून चौकटीत अडकते, उंचीला मात्र जवळजवळ तेवढेच राहते, त्याचेही कारण हेच.

तंतू कागदात कसेही विखुरलेले असते, तर कागद सर्व दिशांना सारखाच वाढला असता. परंतु 1799 मध्ये फ्रान्समध्ये निकोला-लुई रोबेर यांनी कागदयंत्राचे पेटंट घेतले आणि सरकत्या जाळीवर अखंड कागद तयार होऊ लागला. लगदा जाळीवर पडताना बहुतेक तंतू जाळीच्या गतीच्या दिशेने वळतात. त्यामुळे यंत्रावर बनलेल्या प्रत्येक कागदाला एक ‘धार’, म्हणजे बहुतेक तंतूंची समान दिशा, असते आणि भिजल्यावर तो धारेच्या दिशेपेक्षा तिच्या आडव्या दिशेने कितीतरी पट अधिक वाढतो.

ही धार घरच्या घरी पाहता येते, आणि प्रत्येकाने ती एकदा पाहावीच. वर्तमानपत्राचा कपटा उभा फाडला, तर तो साधारणपणे सरळ फाटतो. आडवा फाडला की चीर वेडीवाकडी भरकटते. याहून सुंदर प्रयोग पाण्याचा आहे. छपाईच्या कागदाचा छोटा चौकोन पाण्यावर अलगद ठेवावा. खालची बाजू आधी भिजते आणि आडवी पसरते, वरची अजून कोरडी असते, त्यामुळे चौकोनाच्या दोन समोरासमोरच्या कडा वर उचलल्या जाऊन त्याची नळी होऊ लागते. त्या नळीचा अक्ष हीच कागदाची धार. पाणी वरपर्यंत झिरपले की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि चौकोन पुन्हा सपाट पडतो.

आता कोलाजकडे वळू. पांढऱ्या गोंदात पॉलिव्हिनाइल ॲसिटेटचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि वजनाने जवळपास निम्मे पाणीच असते. ते पाणी कागद शोषतो आणि आडव्या दिशेने सुमारे 1 ते 2 टक्के रुंदावतो. म्हणजे 20 सेंटिमीटरच्या पानात 2 ते 4 मिलिमीटर वाढ झाली. चिकटवताना हे रुंदावणे अपुरे असेल, तर कडा आधीच धरलेल्या असल्यामुळे उरलेल्या वाढीला जागा मिळत नाही आणि तिथे चुण्या पडतात. रुंदावणे पूर्ण झाले असेल, तर पुढची पायरी बाकाची. पाणी उडाल्यावर गोंदाचे कण एकजीव होऊन पापुद्रा बनतो आणि कागद ताणलेल्या स्थितीत पुठ्ठ्याला बांधला जातो. त्यानंतरही वाळत जाणारा कागद आक्रसू पाहतो, पण पुठ्ठा त्याला सोडत नाही. हा ताण पुठ्ठ्याच्या जाडीच्या मध्यापासून दूर, एका पृष्ठावर लागत असल्यामुळे त्यातून पुठ्ठ्याला वाकवणारा जोर निर्माण होतो. त्याला होणारा विरोध पुठ्ठ्याच्या जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून दुप्पट जाडीचा पुठ्ठा आठपट ताठ असतो.

उपाय यातूनच निघतात. गोंद पातळ थराने लावून मिनिटभर थांबावे, म्हणजे कागदाची वाढ चिकटवण्यापूर्वीच संपते आणि चुण्या टळतात. पुठ्ठ्याच्या मागे तसाच कागद, धार त्याच दिशेला ठेवून चिकटवावा, म्हणजे दोन्ही बाजूंचे ताण एकमेकांना तोलतात. वाळेपर्यंत वर सपाट वजन ठेवावे.

प्लास्टिकच्या वेष्टनांचे गणित वेगळे आहे. पॉलिथिनवर पाणी पसरत नाही, त्याचे थेंब बनतात. म्हणून पाण्यातला गोंदही त्याला नीट धरत नाही. ‘काहीही चिकटवणारा’ अशा जाहिरातींवर विसंबण्यापेक्षा वेष्टन दोऱ्याने टाचून घेणे केव्हाही भरवशाचे. अशा कोलाजला पुनर्चक्रण म्हणण्याची जी प्रथा पडली आहे, तीही तपासून पाहिली पाहिजे. गोंद, रंग आणि प्लास्टिक यांनी जखडलेला कागद लगद्यासाठी सहसा निरुपयोगी होतो. अशा कलेने कचऱ्याचा प्रश्न सुटत नाही. तिचे मोल कला म्हणूनच आहे आणि ते पुरेसे आहे.

कागद सपाट राहिला तरी त्याचा रंग टिकेलच असे नाही. 1912 च्या सुमारास चित्रकार पिकासो आणि ब्राक यांनी चित्रांत वर्तमानपत्राचे तुकडे चिकटवले. ते कागद आज तपकिरी पडले आहेत. वर्तमानपत्राच्या लगद्यात लाकडातले लिग्निन (तंतूंना बांधून ठेवणारे द्रव्य) राहून गेलेले असते आणि प्रकाश व ऑक्सिजन यांच्यामुळे त्यापासून पिवळसर द्रव्ये तयार होतात. जी बातमी शुभ्र कागदावरच हवी, तिची लेसर छायाप्रत काढून ती चिकटवावी. छपाईच्या आजच्या बहुतेक कागदांतून लिग्निन जवळजवळ काढून टाकलेले असते आणि त्यांत भरणी म्हणून घातलेले कॅल्शियम कार्बोनेट कालांतराने तयार होणाऱ्या आम्लालाही निष्प्रभ करते.