माळावरचं पाणी आणि पखुर्डीचं पोट

सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. वर्षाचा पाऊस जेमतेम ५५० मिलिमीटर. अशा माळावर फासेपारध्यांच्या पिढ्यान् पिढ्या जगल्या. तिथल्या एका पारधी आजोबांकडून मी जे शिकलो, त्यातलं पाणी शोधायचं शास्त्र आधी सांगतो.

“किडं खाणाऱ्या पाखराच्या मागं जाऊ नका, दाणं टिपणाऱ्याच्या मागं जावा,” आजोबा म्हणाले. किड्याच्या अंगात निम्म्याहून जास्त पाणी असतं, त्यावर पाखराचं बरंचसं भागतं. वाळलेल्या दाण्यात मात्र पाणी अगदी थोडं. त्यामुळे नुसत्या बियांवर जगणाऱ्या पखुर्डीला, म्हणजे माळावरच्या कबुतरासारख्या दिसणाऱ्या पाखराला, पाणवठा गाठावाच लागतो.

दिवस वर आला की “कुटरो, कुटरो” करत थवे निघतात. चारी बाजूंनी येणारे थवे जिथे एकवटतात, तिथे पाणी. पण पखुर्डी थेट काठावर उतरत नाही. शिकाऱ्याच्या भीतीने अलीकडे उघड्या जमिनीवर उतरते, अंदाज घेते, चालत येते, काही सेकंदांत पिऊन उडते. नर मात्र कधी कधी पाण्यात बसून पोट भिजवत राहतो. पिलांसाठी पाणी न्यायची ही रीत! इंग्रज पक्षी-अभ्यासक मीड-वाल्डो यांनी १८९६ मध्ये ते लिहिलं, तेव्हा अनेकांना पटलं नाही. केड आणि मॅक्लीन या संशोधकांनी १९६७ मध्ये आफ्रिकेतल्या कालाहारी वाळवंटातल्या पखुर्ड्यांवर ते सिद्ध केलं. नराच्या पोटावरच्या पिसांचे बारीक तंतू कोरडे असताना पिळलेले असतात, भिजले की उलगडतात आणि त्यांच्या जाळीत पाणी अडकतं. सुमारे २५ मिलिलिटर पाणी असं पिलांपर्यंत जातं.

आपण मात्र अशा पाणवठ्याचं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये.

माग काढायलाही आजोबांनी शिकवलं. ऊन तिरपं असताना, सूर्याकडे तोंड करून पाहायचं. ठशाच्या कडेची सावली लांब पडते. नखं उमटली तर लांडगा, कोल्हा किंवा कुत्रा, नाही उमटली तर बहुधा मांजरकुळातलं जनावर.

पारध्यांवर गुन्हेगारीचा शिक्का मारणारा इंग्रजांचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी त्यांच्याकडे संशयानेच पाहिलं जातं, याचा मला राग येतो. १९७२च्या वन्यजीव कायद्याने शिकार थांबली, ते योग्यच झालं. पण बुद्धपौर्णिमेच्या पाणवठ्यावरच्या गणनेला हौशी मंडळी मचाणावर बसतात, तेव्हा एकेका मचाणावर एक जाणता पारधी मानधन देऊन बसवायला काय हरकत आहे?