पार्ट्रिजची पिल्लं आणि शेतातलं तण

जमिनीवर घरटं करणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं भोवतीच्या झाडोऱ्यावर किती अवलंबून असतात, हे सगळ्यात नीट कळलंय ते बहुधा ब्रिटनमधल्या ग्रे पार्ट्रिजमुळे (आपल्या तित्तराच्या कुळातलाच, पण वेगळा पक्षी). मादी पंधराच्या आसपास अंडी घालते, पिल्लं काही तासांतच चालायला लागतात आणि आईबाप ऊब देतात, राखण करतात पण चोचीतून भरवत नाहीत, म्हणजे पिल्लाच्या चोचीच्या उंचीवर जे सापडेल त्यावरच वाढायचं. पहिले साधारण दोन आठवडे खाणं मुख्यतः किडे: भुंगेरे, सोंडे, झाडांवरचे ढेकण्या किडे, करवतमाशीच्या अळ्या, मुंग्या. यातले बरेच (सगळे नाही) गव्हा-बार्लीवर नाही तर त्यातल्या तणावर वाढतात.

इथवर वाद नाही. वाद आहे तो 1950 नंतर पक्षी एवढे कमी का झाले यावर. साउथवूड आणि क्रॉस या संशोधकांनी 1969 मध्ये किड्यांच्या संख्येवर बोट ठेवलं, इंग्लंडमधल्या ससेक्समध्ये 1960 च्या दशकाच्या अखेरीपासून संशोधक डिक पॉट्स यांनी तोच धागा पुढे नेला: तणनाशकानं तण गेलं, तणाबरोबर किडे गेले, पिल्लं उपाशी. दुसरी बाजू शिकारी प्राण्यांची, आणि इंग्लंडमधल्याच सॉल्सबरी प्लेन या माळावर 1980 च्या दशकात कोल्हे-कावळे आवरल्यावर पार्ट्रिज वाढले हेही खरंच, पण अंडी आणि बसलेली मादी वाचणं वेगळं, निघालेलं पिल्लू जगणं वेगळं. पिल्लांपुरतं बोलायचं तर किड्यांचंच कारण जास्त पटतं.

किडे नुसते भरपूर असूनही भागत नाही. डेन्मार्कमधल्या प्रयोगांत मावा (पिकाचा रस शोषणारे बारीक किडे) हे पिल्लांसाठी निकस खाणं ठरलं, आणि वाढ रखडली की उडायची पिसं उशिरा येतात. शिवाय झाडोरा फार दाट असला तर पिल्लाला त्यातून चालता येत नाही, दवा-पावसानं भिजलं की गारठतं. अगदी विरळ असला तर लपायला जागा नाही. मधलं काहीतरी लागतं, त्याचा नेमका आकडा मागण्यात अर्थ नाही.

उपाय म्हणून 1980 च्या दशकात शेताच्या कडेचा सुमारे 6 मीटरचा पट्टा फवारणीतून वगळून पाहिला, हॅम्पशायरमध्ये अशा शेतांत पिल्लांचे थवे मोठे निघाले.

नेदरलँड्समध्ये गॉडविट या कुरणात घरटं करणाऱ्या पक्ष्याचंही असंच, भरपूर खत घातलेलं दाट गवत आणि लवकरची कापणी पिल्लांच्या मुळावर येते. आपल्या माळढोकाचं गणित थोडं निराळं, तिथे पिल्लू चालतं खरं पण सुरुवातीला आई किडे भरवते.