पिळलेली तार आणि मोटारीचा गाभा

मोटारीच्या लोखंडी गाभ्यात वाया जाणाऱ्या विजेचा, म्हणजे कोअर लॉसचा, हिशोब मांडताना 'हिस्टेरिसिस' हा शब्द टाळता येत नाही. तो आला लोखंडी तार पिळण्याच्या प्रयोगातून. स्कॉटिश शास्त्रज्ञ जेम्स आल्फ्रेड युइंग १८७८ ते १८८३ या काळात टोकियोत शिकवत होते. चुंबकित तार ते उलटसुलट पिळून पाहत. पीळ बदलला तरी तिची चुंबकीय अवस्था मागेच रेंगाळे. १८८१ मध्ये त्यांनी या रेंगाळण्याला ग्रीक शब्दावरून हे नाव दिलं. यांत्रिक ताण आणि चुंबकत्व यांचं नातं असं त्या शब्दाच्या जन्मातच आहे, आणि मला ते फार मोलाचं वाटतं.

त्याआधी १८४२ मध्ये जेम्स जूल यांना दिसलं होतं की, चुंबकित केल्यावर लोखंडाची कांब किंचित लांबते. १८६५ मध्ये इटलीच्या एमिलिओ व्हिलारी यांनी उलट बाजू दाखवली: लोखंड ओढलं की त्याचं चुंबकत्व बदलतं.

मग कारखान्यांचा काळ आला आणि हे धागे बाजूला पडले. १८९२ मध्ये अमेरिकेत चार्ल्स स्टाइनमेट्झ यांनी हिस्टेरिसिसची हानी चुंबकीय प्रवाहाच्या घनतेच्या १.६ व्या घाताप्रमाणे वाढते, हे सूत्र मांडलं. डिझाइनरला हवं ते मिळालं. ताणाला त्यात जागा नव्हती. गाभा सिलिकॉन-पोलादाचे पातळ पत्रे रचून बनतो; त्या पत्र्याची प्रत ठरवणारी एपस्टाइन चौकटीची चाचणीही कापलेल्या मोकळ्या पट्ट्यांवर होते. कॅटलॉगमधला वॅट प्रति किलोचा आकडा अशा निवांत पत्र्याचा असतो.

मोटारीत पत्रा निवांत नसतो. डायखाली कापताना कडा चेपतात. मग स्टेटर, म्हणजे मोटारीचा न फिरणारा भाग, गरम केलेल्या घट्ट बॉडीत बसवला जातो. बॉडी थंड होताना आकसते आणि गाभ्याला चहूबाजूंनी आवळते. सिलिकॉन-पोलादाच्या आतले चुंबकीय कप्पे, म्हणजे डोमेन, दाबाच्या दिशेला आडवे वळतात. चुंबकीय प्रवाह त्याच दिशेने न्यायचा तर त्यांना पुन्हा फिरवावं लागतं आणि त्यात ऊर्जा जाते. ५० मेगापास्कलच्या आसपासच्या दाबाने पत्र्याचा आकार कायमचा बदलतही नाही, पण काही पत्र्यांत हानी दीडपटीच्या वर जाते. बेताची ओढ मात्र बहुधा फायद्याची. ट्रान्सफॉर्मरवाल्यांनी हे आधी ओळखलं: त्यांच्या पत्र्यावरचा लेप मुद्दाम पत्र्याला ताणून धरतो.

साध्या पंप-मोटारीत एवढ्या बारकाव्याची निकड भासली नाही. विजेच्या गाड्यांनी ती आणली. आठ ध्रुवांची मोटार मिनिटाला १२,००० फेरे घेते तेव्हा गाभ्यात सेकंदाला ८०० चुंबकीय आवर्तनं होतात, घरगुती विजेच्या सोळापट. त्यात स्टेटरचे दात अरुंद, म्हणजे कापलेल्या कडांचा वाटा मोठा. आता पत्र्याची चाचणी दाबाखालीही केली जाते. पातळ पत्रा कडेने दाबताच बाजूला वाकतो, म्हणून दोन्ही बाजूंनी आधार देऊन धरावा लागतो.

साधारण ७५० अंश सेल्सिअसला अ‍ॅनिलिंग केलं, म्हणजे पत्रा तापवून सावकाश थंड केला, की कापण्याचा ताण बराच उतरतो. बॉडीची आवळण त्यानंतर येते, आणि ती सैल ठेवावी तर गाभाच बॉडीत फिरू लागतो.