रेजिमेंटल फुलदाणी (व्हिक्टोरिअन, चांदीची)

ब्रिटिश सैन्यातील अधिकाऱ्यांच्या मेसमध्ये मेजवानीच्या टेबलावर मांडले जाणारे नक्षीदार चांदीचे पात्र. व्हिक्टोरिया राणीच्या कारकिर्दीत (१८३७–१९०१) अशी पात्रे बढती, लग्न किंवा निरोपाची भेट म्हणून, तसेच नेमबाजीचे बक्षीस म्हणून दिली जात. नाव फुलदाणीचे असले तरी फुलांपेक्षा मान मिरवणे हेच तिचे मुख्य काम.

रोमन सम्राट हेड्रियनच्या टिव्होलीजवळील प्रासादाच्या अवशेषांत सापडलेल्या संगमरवरी ‘वॉरिक व्हाज’चा घाट विशेष लोकप्रिय होता : रुंद तोंड, द्राक्षवेलीचे कान, पोटावर मुखवटे. पोट पत्र्यातून ठोकून घडवीत. आत राळ भरून बाहेरची नक्षी उठावदार करीत. कान, सिंहमुखे व शस्त्रांचे झुपके वेगळे ओतून झाळीत. उंच पात्राचे भाग बहुधा आतल्या पेचाने जोडलेले असतात. तो जास्त आवळला की बैठक वाकते आणि पात्र कलते.

इंग्लंडमध्ये चांदीवर उठवलेल्या ठशांत (हॉलमार्क) चालता सिंह ९२.५ टक्के शुद्धता दाखवतो. बिबळ्याचे मुख लंडनचे, जहाजाचा नांगर बर्मिंगहॅमचा, मुकुट शेफील्डचा. वर्षाचे अक्षर लंडनला मे महिन्यात बदले, त्यामुळे एक अक्षर दोन सालांत विभागलेले असते. राणीचे मस्तक म्हणजे कर भरल्याची खूण. १८९० मध्ये कर उठला आणि मस्तकही गेले. सुटे भाग तपासावेत, त्यांवरही ठसा हवा. ‘ई.पी.एन.एस.’ ही अक्षरे असतील तर ती जर्मन सिल्व्हर या चांदी नसलेल्या मिश्रधातूवर चढवलेली चांदी.

कोरलेला मजकूर ठशांशी ताडून पाहणे हीच खरी परीक्षा. १८८१ मध्ये बहुतेक पायदळ रेजिमेंटांचे आकडे जाऊन प्रादेशिक नावे आली. १०३ वी रॉयल बॉम्बे फ्युझिलिअर्स तेव्हा रॉयल डब्लिन फ्युझिलिअर्सची दुसरी बटालियन झाली. म्हणून ‘डब्लिन’ हे नाव मूळ लेखात असेल, तर लेख १८८१ पूर्वीचा नव्हे. उलट अनुमान मात्र कच्चे, कारण जुन्या आकड्यांचा अभिमान पुढेही टिकला. भेटीची तारीख ठशानंतरची असणे स्वाभाविक; पात्र दुकानात पडून असू शकते. ठसाच तारखेनंतरचा निघाला, तर लेख मागाहून कोरला असावा किंवा हरवलेल्या पात्राजागी नवे केले असावे. जुना लेख घासून काढलेला असल्यास तिथे पत्रा पातळ लागतो. बोटाने दाबला की किंचित लवतो. तिथे नवा तुकडा झाळून बसवला असेल, तर त्यावर फुंकर घातली की वाफेत झाळीच्या कडाही कधीकधी दिसतात.

चांदी हवेतील गंधकामुळे काळी पडते. रांगोळी, राख किंवा चिंच वापरू नये : आधी ठसे झिजतात, मग कोरलेल्या बोधचिन्हांच्या बारीक रेषा. ॲल्युमिनियमचा कागद व खाण्याचा सोडा खोबणींतला काळेपणाही उतरवतो, आणि त्याच सावलीवर नक्षी उठून दिसत असते. पोटातला सोन्याचा मुलामा घासू नये. बैठकीत राळ भरलेली असल्यास पात्र गरम पाण्यात बुडवू नये. राळ मऊ होऊन सुटते. कोमट पाणी, सौम्य साबण व मऊ सुती कापड पुरते. लगेच कोरडे करावे. ठेवताना रबर व लोकर जवळ नकोत, त्यांतही गंधक असते.

भारतात शंभर वर्षांहून जुने असे पात्र १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या कक्षेत येऊ शकते. परदेशी पाठवण्याआधी हे तपासावे.