लिंग-गुणसूत्रांची उत्क्रांती : सरडे आणि इतर प्राणी

पिल्लू नर होणार की मादी, हे ठरवणारे जनुक ज्या गुणसूत्रांवर असते त्यांना लिंग-गुणसूत्रे म्हणतात. माणसात स्त्रीकडे दोन एक्स असतात, पुरुषाकडे एक एक्स आणि एक वाय. पक्ष्यांत याच्या उलट आहे : नराकडे दोन झेड, मादीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. शाळेत एक्स-वायचा तक्ता इतका घोटून घेतला जातो की सगळ्या प्राण्यांचा हाच कायदा असावा असे वाटू लागते. प्रत्यक्षात ही गुणसूत्रे प्राणिसृष्टीत पुन्हा पुन्हा नव्याने घडली आहेत, झिजली आहेत आणि कुठे कुठे पार नाहीशीही झाली आहेत. हे घडताना पाहायचे तर सरडे, पाली, घोरपडी आणि सापसुरळ्या यांच्यासारखा दुसरा गट नाही. हे चौघेही खानदेशात बांधाबांधावर भेटतात, त्यामुळे या विषयाची बरीचशी उदाहरणे जळगाव, धुळे, नंदुरबारच्या वाचकाच्या पायाखालचीच आहेत.

शोध

सुरुवात किड्यांपासून झाली. फुटलेल्या बोंडावर शेपटीला शेपटी जोडून फिरणाऱ्या लाल ढेकण्यांच्या जोड्या चोपडा-शिरपूरकडच्या प्रत्येक कापूसवाल्याने पाहिल्या आहेत. त्याच कुळातल्या एका युरोपीय ढेकण्याच्या शुक्रपेशी तपासताना हेरमान हेंकिंग या जर्मन शास्त्रज्ञाला 1891 मध्ये एक असा घटक दिसला, जो निम्म्याच शुक्रपेशींत जात होता. त्याने त्याला ‘एक्स’ म्हटले. पुढे क्लॅरेन्स मॅक्लंग यांनी नाकतोड्यांवर काम करून या घटकाचा लिंगाशी संबंध जोडला. 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी पिठात होणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या पेशी पाहिल्या. मादीत 20 मोठी गुणसूत्रे होती. नरात 19 मोठी आणि एक अगदी लहान. ते लहान गुणसूत्र म्हणजे वाय. त्याच सुमारास एडमंड विल्सनही स्वतंत्रपणे त्याच निष्कर्षाला आले होते, आणि पुढे कित्येक वर्षे श्रेय विल्सन यांच्याच नावावर जास्त पडले. स्टीव्हन्स यांचा 1905 चा निबंध वाचला तर पुरावा त्यांनी किती नेमकेपणाने मांडला होता हे लगेच लक्षात येते.

साध्या जोडीतून लिंग-गुणसूत्र

एक्स आणि वाय इतके वेगळे दिसत असले तरी ती मुळात एकसारख्या, साध्या गुणसूत्रांची जोडी होती, हा विचार सुसुमु ओह्नो यांनी 1967 मध्ये सविस्तर मांडला. आज तो जवळपास सर्वमान्य आहे.

घडते ते असे. एखाद्या साध्या गुणसूत्रावरच्या जनुकात बदल होतो आणि तो ज्याच्याकडे जातो तो नर होतो. त्याच्या शेजारी नराच्या फायद्याची पण मादीला अडचणीची अशी जनुके असली, तर ती सगळी एकत्र राहण्यातच नराचे हित असते. एरवी जोडीतली गुणसूत्रे अर्धगुणसूत्री विभाजनाच्या वेळी, म्हणजे शुक्रपेशी आणि अंडपेशी घडताना, आपसांत तुकड्यांची अदलाबदल करतात. पण गुणसूत्राचा एखादा भाग तुटून उलटा बसला, तर त्या भागात ही अदलाबदल थांबते. नर ठरवणारे जनुक आणि त्याचे शेजारी मग कायमचे एकत्र अडकतात.

इथून झीज सुरू होते. अदलाबदल असली की बिघडलेले जनुक बाजूला पडून चांगले पुढे जाऊ शकते. ती थांबली की बिघाड साठत जातो. रावेर-यावलची केळी कंदापासून लावतात. कंदात रोग शिरला की तो पुढच्या बागेत जातो, बियांतून वेगळे निपजण्याची वाट नसते. वायचे तसेच होते. जनुके एकेक करून निकामी होतात, निरर्थक पुनरावृत्त तुकडे भरत जातात, आणि पुढे ते गुणसूत्र आखडते. माणसाच्या वायचा संपूर्ण क्रम 2023 मध्ये हाती आला : डीएनएची सुमारे 6.2 कोटी अक्षरे आणि प्रथिने घडवणारी 106 जनुके. एक्सवर 15 कोटींहून अधिक अक्षरे आणि 800 हून अधिक जनुके आहेत. ब्रूस लॅन आणि डेव्हिड पेज यांनी 1999 मध्ये दाखवले की ही फारकत एका दमात झाली नाही. मानवी एक्सवर तिचे चार थर ओळखता येतात.

वाय झिजला की नराकडे एक्सवरच्या जनुकांची एकच प्रत उरते. तिची भरपाई प्रत्येक गटाने आपापल्या परीने केली. सस्तन प्राण्यांत मादी दोनपैकी एक एक्स बंद ठेवते, हे मेरी लायन यांनी 1961 मध्ये मांडले. फळमाशीत नराचा एकुलता एक्स दुप्पट काम करतो. अमेरिकेतल्या हिरव्या अनोल सरड्यातही नेमके हेच आढळले. माशी आणि सरडा यांचे पूर्वज पन्नास कोटी वर्षांपूर्वीच वेगळे झाले होते, तरी दोघे स्वतंत्रपणे त्याच उपायापर्यंत पोचले. या सगळ्या विषयातला मला हा सर्वांत विलक्षण भाग वाटतो.

सरडे : जिथे नियम टिकत नाही

सरड्यांच्या एका मोठ्या शाखेत एक्स-वाय आहे, दुसरीत झेड-डब्ल्यू आहे, आणि काहींत लिंग-गुणसूत्रच नाही. तिथे अंडे किती उष्णतेत उबले यावर लिंग ठरते. हा उष्णतेचा परिणाम प्रथम नोंदला तो सेनेगलमध्ये मादलेन शार्निए यांनी 1966 साली, आगामा सरड्यात. आपला नेहमीचा बागसरडा याच आगामा कुळातला.

बागसरड्याची मादी पाऊस पडून माती मऊ झाली की बांधाच्या कडेला खड्डा करते, पुढच्या पायांनी माती मागे सारत जाते, दहा-वीस अंडी घालते, आणि डोक्याने माती दाबून जागा अशी सपाट करते की मागाहून सापडू नये. नंतर ती तिकडे फिरकत नाही. त्या अंड्यांतल्या पेशींत 34 गुणसूत्रे असतात, आणि नर-मादीची गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली सारखीच दिसतात. 2012 मध्ये भारतीय संशोधकांनी ही अंडी वेगवेगळ्या ठरावीक तापमानांना उबवली. तापमान चढवत नेले तसे आधी मुख्यतः माद्या, मग नर, पुन्हा माद्या, पुन्हा नर असे पट्टे मिळाले. असा चौपदरी नमुना इतर सरपटणाऱ्या प्राण्यांत माहीत नव्हता.

गुणसूत्र आणि उष्णता या दोन वेगळ्या वाटा नाहीत, हे ऑस्ट्रेलियाच्या दाढीवाल्या सरड्याने (हाही आगामा कुळातलाच) दाखवून दिले. त्याच्यात मादी झेडडब्ल्यू असते. पण अंडी सुमारे 32 अंशांच्या वर उबली की झेडझेड पिल्लेही मादी होऊ लागतात, आणि त्या माद्या अंडीही घालतात. अशी मादी नेहमीच्या झेडझेड नराशी जुळली की संततीत डब्ल्यू उरतच नाही. पुढच्या पिढीचे लिंग केवळ उष्णतेवर ठरते. 2015 मध्ये रानातल्या सरड्यांतही अशा उलटलेल्या माद्या सापडल्या. पिढ्यानपिढ्या टिकलेली व्यवस्था एका पिढीत मोडू शकते ती अशी. थंडीनेही हे होते : ऑस्ट्रेलियातल्या एका सापसुरळीत एक्स-वाय व्यवस्था असूनही, थंड घरट्यातली एक्सएक्स पिल्ले नर होतात. टास्मानियातल्या आणखी एका सापसुरळीत उंचावरच्या वस्तीत लिंग गुणसूत्रांवर ठरते आणि सखल भागातल्या वस्तीत तापमानाचाही हात लागतो.

पालींत तर उलथापालथ सर्वाधिक. 2015 च्या एका अभ्यासानुसार पालींच्या इतिहासात लिंगनिश्चितीची पद्धत 17 ते 25 वेळा बदलली. बिबट-पालीत अंडी 26 अंशांना उबवली की माद्या होतात, 32-33 ला बहुतेक नर, आणि आणखी वर पुन्हा माद्या.

घोरपडीचे कूळ मात्र स्थिर : झेड-डब्ल्यू, आणि तेही फार जुने. 2006-07 च्या सुमारास इंग्लंडमधल्या प्राणिसंग्रहालयांत कोमोडो घोरपडीच्या माद्यांनी नराशिवाय पिल्ले दिली आणि सगळी नर निघाली. कारण सरळ आहे. एकट्या मातेच्या अंड्यातून झेडझेड किंवा डब्ल्यूडब्ल्यूच होऊ शकते, आणि डब्ल्यूडब्ल्यू जगत नाही. सातपुड्यातली आपली घोरपड याच कुळातली. तिच्या नराची वाळवलेली जननेंद्रिये ‘हत्था जोडी’ नावाने, वनस्पतीचे मूळ म्हणून, पूजेच्या दुकानांतून विकली जातात. ते मूळ नाही, आणि त्यासाठी संरक्षित प्राण्याचा जीव घेतला जातो. ही विक्री गुन्हा आहे.

साप आणि इतर

सापांच्या बाबतीत पायाभूत काम भारतात झाले. बनारस हिंदू विद्यापीठात रायचौधुरी आणि त्यांचे विद्यार्थी लालजी सिंग यांनी निरनिराळ्या सापांची गुणसूत्रे शेजारी शेजारी मांडली. अजगर-बोआंत जोडी सारखी दिसली, धामणीच्या मोठ्या गटात डब्ल्यूचा आकार तेवढाच पण घडण बदललेली, तर नाग-मण्यार आणि घोणस यांच्या कुळांत तो बहुधा खुरटलेला. झिजण्याच्या पायऱ्याच जणू जिवंत प्राण्यांत दिसत होत्या. पट्टेरी मण्यारीच्या डब्ल्यूमधून सिंग यांनी वेगळा काढलेला पुनरावृत्त डीएनए पुढे हैदराबादला डीएनए-ठसे घेण्यासाठी वापरला गेला. अजगर-बोआंची गोष्ट 2017 मध्ये पालटली : त्यांच्यात झेड-डब्ल्यू नसून स्वतंत्रपणे घडलेली एक्स-वाय जोडी आहे. त्यामुळे त्या पायऱ्यांतली पहिली पायरी आता वेगळी वाचावी लागते.

कपाशीवरच्या गुलाबी बोंडअळीच्या पतंगात मादी झेडडब्ल्यू. मधमाशीत लिंग-गुणसूत्रच नाही; फलन न झालेल्या अंड्यातून नर निघतो. भेकराच्या मादीत सहाच गुणसूत्रे, नरात सात. प्लॅटिपस या अंडी घालणाऱ्या सस्तन प्राण्याच्या नरात पाच एक्स आणि पाच वाय. जपानमधल्या एकाच जातीच्या बेडकांत काही ठिकाणी एक्स-वाय आहे आणि काही ठिकाणी झेड-डब्ल्यू. तिथल्याच एका काटेरी उंदराने तर वाय गमावला आहे, सस्तनांत नर घडवणारे एसआरवाय जनुकही. तरी त्याचे नर होतातच. मगरींत आणि बहुतेक कासवांत घरट्याचे तापमान निर्णय करते.

खानदेशाच्या संदर्भात

भुसावळ-जळगावच्या तापीकाठच्या मैदानात उन्हाळ्यात पारा 45 अंशांच्या वर जातो. तोरणमाळचे पठार सुमारे 1,150 मीटर उंच आणि बरेच थंड. बागसरडा दोन्हीकडे राहतो. टास्मानियातल्या तुलनेसारखी तुलना करायला याहून सोयीची जागा महाराष्ट्रात क्वचितच मिळेल. मातीतल्या अंड्यावर हवेतल्या पाऱ्याचा थेट परिणाम होत नाही. खोली, ओल आणि बांधावरच्या बाभळी-निंबाची सावली यांनी तो बदलतो. त्यामुळे बांध सपाट करणे आणि त्यावरची झाडे तोडणे यांचा संबंध सरड्याच्या लिंग-गुणोत्तराशीही येऊ शकतो.

अशी पाहणी करायची तर एकाच मादीची अंडी विभागून वेगवेगळ्या तापमानांना उबवावी लागतात. लिंग ठरण्याचा नाजूक काळ साधारणपणे उबवणीच्या मधल्या टप्प्यात असतो, म्हणून त्या दिवसांतल्या खड्ड्यातल्या तापमानाची सलग नोंद हवी. नुकत्या निघालेल्या पिल्लाचे लिंग बाहेरून ओळखता येत नाही. गळ्याचा लाल रंग आणि काळा डाग नर वयात आल्यावर विणीच्या हंगामात उमटतो. त्याआधी पिल्लाच्या जननग्रंथीच तपासाव्या लागतात.