तिकीट दाखवा, आत या

‘एचटीटीपीएस लावलं की सर्व्हर मंदावतो’ असं अजूनही कुणीतरी ठासून सांगतं. (एचटीटीपीएस म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधला मजकूर वाटेत कुणाला वाचता येऊ नये म्हणून सांकेतिक करून पाठवण्याची पद्धत.) एके काळी ते खरं होतं. सांकेतिक करण्याच्या कामासाठी वेगळी कार्डं घेऊन सर्व्हरमध्ये बसवत. पण 2010 मध्ये जीमेल सरसकट एचटीटीपीएसवर गेलं, तेव्हा गूगलच्या अभियंत्यांनीच सांगितलं, की प्रोसेसरवरच्या भारात याचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे.

मजकूर सांकेतिक करणं स्वस्तच असतं. त्यासाठीच्या एईएस या पद्धतीच्या खास सूचना आता प्रोसेसरमध्येच असतात. (जाहिरातीतलं ‘मिलिटरी ग्रेड’ एन्क्रिप्शन ते हेच. तुमच्या ब्राउझरमध्ये ते फुकट आहे.) महाग पडतो तो सुरुवातीचा हँडशेक, म्हणजे ओळख पटवून दोघांमध्ये एक गुपित ठरवण्याची देवाणघेवाण. त्यात सर्व्हरला खाजगी किल्लीने सही करून स्वतःची ओळख पटवावी लागते, आणि आरएसए या पद्धतीने 2048 बिटांच्या किल्लीची सही करणं हे ती तपासण्याच्या कित्येक पट जड. ब्राउझर सुटतो, सर्व्हर अडकतो. इलिप्टिक कर्व्ह या दुसऱ्या पद्धतीची सही बरीच हलकी, पण त्याहून गंमत सही टाळण्यात आहे.

सेशन तिकीट म्हणतात ते हे. पहिल्या भेटीत ठरलेलं गुपित सर्व्हर फक्त स्वतःकडे असलेल्या किल्लीने बंद करतो, ते पाकीट ब्राउझरच्याच हाती देतो आणि स्वतः सगळं विसरतो. ब्राउझरला ते उघडता येत नाही, नुसतं सांभाळायचं. पुन्हा आल्यावर त्याने पाकीट पुढे केलं, की सर्व्हर ते उघडतो. आत आपलंच गुपित. ना ओळखीचं प्रमाणपत्र, ना सही, ना लाखो पाहुण्यांची नोंदवही.

आता लोड बॅलन्सरमागे, म्हणजे येणाऱ्या विनंत्या वाटून देणाऱ्या यंत्रणेमागे, दहा सर्व्हर आहेत आणि प्रत्येकाने आपापली तिकीट-किल्ली बनवली आहे असं समजा. एकाचं पाकीट दुसऱ्याला उघडेना! एरर कुठेच येत नाही, गुपचूप पूर्ण हँडशेक होतो. ओपनएसएसएल या साधनाने सर्व्हरला लागोपाठ जोडून पाहिलं, की पडद्यावर ‘रियूज्ड’च्या जागी बहुतेक वेळा ‘न्यू’ उमटतं, तेव्हा कुठे उलगडा होतो. म्हणून किल्ली सर्वांना एकच द्यायची, पण वरचेवर बदलायची. एचटीटीपीएसच्या मुळाशी असलेल्या टीएलएस या नियमावलीच्या 1.2 आवृत्तीत ती चोरीला गेली, तर तिने बंद केलेल्या तिकिटांची आधी टिपून ठेवलेली संभाषणंही उघडता येतात.

2018 च्या टीएलएस 1.3 ने पूर्ण हँडशेकच्या दोन फेऱ्यांची एक केली (निरोप जाऊन उत्तर येणं ही एक फेरी). तिकीट असेल तर पहिल्याच निरोपासोबत विनंतीही धाडता येते, शून्य फेऱ्या! मात्र तो निरोप वाटेत टिपून कुणी जसाच्या तसा पुन्हा पाठवू शकतो. पान वाचायला हरकत नाही. पैसे पाठवण्याच्या विनंतीला ही सवलत देऊ नये.